चाळीस नंबरचा पंच

मी लिलाव पुकारतो. पोटासाठी नव्हे. पोटासाठी मी विमा कंपन्यांचा सर्वेअर आहे. जळालेल्या दुकानांची आणि ठोकलेल्या गाड्यांची किंमत लावत जिल्हाभर फिरतो. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या संग्राहक मंडळाचा लिलाव भरतो, आणि तिथं नऊ वर्षं लाकडी हातोडी माझ्याच हातात होती. नाणी, तिकिटं, काडेपेट्यांची लेबलं असं सगळं येतं. अलीकडं सगळ्यात जोरात बोली लागते ती क्रिकेटच्या जुन्या कार्डांवर. पन्नाशीची, टक्कल पडलेली, नातवंडं झालेली माणसं तिथं मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखी भांडतात. मला ते आवडतं. आणि खोटं कशाला बोलू, मला तिथला मानही आवडायचा. "श्रीनिवासराव म्हणाले ना, मग विषय संपला," असं एकदा कुणीतरी भर हॉलमध्ये म्हणालं होतं. ते मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

आता कार्डांचं सांगतो. आम्ही सहावी-सातवीत असताना 'फटका' नावाचा च्युइंगगम मिळायचा. पाकिटात गुलाबी गमची एक वडी आणि एक कार्ड. कार्डं एकूण चाळीस: एकोणचाळीस खेळाडू, आणि चाळीस नंबरला पंच. पांढरा कोट, काळी टोपी, एक बोट वर. चाळीसही जमवून कंपनीला पाठवली की बॅट बक्षीस मिळायची. त्याच कार्डांवर कुणी दुसरी बॅट उकळू नये म्हणून कंपनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात भोक पाडून ती परत पाठवायची. मेख अशी की पंच त्यांनी फार थोडे छापले होते. ज्याला तो सापडला त्यानं लगोलग पाठवून बॅट घेतली, त्यामुळं बिनभोकाचा पंच आज जवळजवळ कुठंच नाही. गेल्या वर्षी पुण्यात एक निघाला, तो बहात्तर हजारांना गेला.

माझ्याकडं एकोणचाळीस कार्डं होती, सगळी बिनभोकाची, करकरीत. पंच नव्हता. लहानपणी त्या एका कार्डापायी मी आईच्या डब्यातले पैसे चोरून गम खाल्ला, मार खाल्ला, दोन दाढा किडवून घेतल्या. अल्बममध्ये चाळिसावा कप्पा पस्तीस वर्षं रिकामा होता. नीरजा, म्हणजे माझी बायको, त्या कप्प्याला आमच्या चिन्मयचा न झालेला भाऊ म्हणायची. मी हसायचो. पण प्रत्येक लिलावात, प्रत्येक डब्यात, प्रत्येक गठ्ठ्यात माझे डोळे आधी तो पांढरा कोट शोधायचे.

मार्चमधला लिलाव उरकत आला होता तेव्हा दगडाबाई आल्या. सत्तरीच्या, काटक, हिरवं लुगडं, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मागं त्यांची नात मोनिका, एकोणीस-वीस वर्षांची, आजीपेक्षा दीड हात उंच, ट्रॅकपँट घातलेली.

"क्रिकेटची कार्डं इकत्यात ते हितंच का?" दगडाबाईंनी विचारलं.

"व्हय आजी, बसा," मी म्हणालो. समोरचा माणूस जसा बोलतो तसं बोललं की तो मोकळा होतो, हे मला धंद्यानं शिकवलंय.

त्या पाचोडहून आल्या होत्या. तिथं शाळेसमोर त्यांनी तीस वर्षं टपरी चालवली: बोरं, चिंचा, गोळ्या, गम. पावसाळ्यात गम पाघळून पाकिटाला चिकटायचा. तो फेकून द्यायचा आणि आतलं कार्ड ठेवायचं, अशी त्यांची रीत. "कुनाचं पोर रडत आलं की द्याची एक," त्या म्हणाल्या. "उरली ती ही. हिनं पेपरात तुमची बातमी वाचली, म्हनून आनली."

मोनिकानं थोडक्यात सांगितलं. ती फास्ट बॉलिंग टाकते. पुण्याच्या तीन महिन्यांच्या निवासी कॅम्पसाठी तिची निवड झाली होती. जूनमध्ये सुरू होणार, फी साठ हजार. वडील चितेगावला कंपनीत लाइनवर, त्यांना एवढे जमणं शक्य नव्हतं. "यात काही निघालं तर बघा सर," ती म्हणाली. आवाजात अजिजी नव्हती, आशाही फारशी नव्हती.

मी डबा उघडला. दोनेकशे कार्डं असतील. तीच ती, कुठंही मिळणारी, कोपरे दुमडलेली. सर्वेअरच्या सराईत हातानं मी ती झरझर उलटत गेलो, आणि तळाशी पंच निघाला. भोक नाही. चारही कोपरे शाबूत. मागची शाईसुद्धा ताजी. माझा हात थांबला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. वर पाहिलं तेव्हा दगडाबाई माझ्याकडंच बघत होत्या.

आता आमच्या मंडळाच्या दोन रिती सांगायला हव्यात, कारण माझं पाप त्या रितींच्या आडोशानंच झालं. पहिली पावतीची. विकायला आलेली वस्तू मंडळानं ठेवून घेतली की तिचं वर्णन लिहून पावती करायची, आणि दुसरी प्रत हॉलमधल्या फळ्यावर लावायची, म्हणजे पुढच्या महिन्यात काय येतंय ते सगळ्यांना कळतं; त्याच दिवशी आणून पुकारलेल्या मालाला पावती लागत नाही. दुसरी रीत गठ्ठ्याची. पुकारणाऱ्याला मानधन नसतं. त्याऐवजी, यादी संपली की उरलासुरला माल एका गठ्ठ्यात बांधून शेवटी पुकारतात, आणि कुणीच बोली लावली नाही तर तो पुकारणाऱ्यानं पाचशे रुपयांना घ्यायचा. तोवर दीड वाजलेला असतो, लोक भुकेजलेले असतात. नऊ वर्षांत गठ्ठ्याला तीनदा बोली लागली असेल.

"साधी आहेत हो आजी," मी म्हणालो. ऐकायला मला माझा आवाज नेहमीसारखाच वाटला. "आजची यादी बंद झाली. पुढच्या महिन्यात गठ्ठ्यात लावू. पाच-सहाशे येतील."

 मोनिकानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मंग डबा हितंच ठिवू का?" दगडाबाईंनी विचारलं.

ठेवून घेतला असता तर पावती करावी लागली असती. पावतीवर 'चाळीस नंबर, बिनभोकाचा' असं लिहावं लागलं असतं. ते फळ्यावर लागलं असतं आणि अर्ध्या तासात अख्ख्या मंडळाचे फोन घणघणले असते. न लिहावं तर अध्यक्ष स्वतः डबा तपासतात. "नको, तुमच्याकडंच असू द्या," मी म्हणालो. "पुढच्या वेळी घेऊन या. फक्त जपा. पाणी लागू देऊ नका. फार हाताळू नका." हे बोलताना मी पंचाकडं बघत होतो.

"जपते की," त्या म्हणाल्या.

तो महिना मी आनंदात काढला, हे कबूल करतो. मला काही तो विकायचा नव्हता, असं मी स्वतःला समजावलं. माझ्या अल्बममध्ये तो योग्य जागी बसणार होता. पोरीला नंतर मंडळातर्फे पाच-दहा हजारांची मदत करू, असंही ठरवून टाकलं. चोर असतोच वर उदार. एका रविवारी मी रिकामा कप्पा मऊ कापडानं पुसत बसलो होतो, तेव्हा नीरजा म्हणाली, "पाळणा हलवताय की काय?" मी हसलो आणि तिला काहीच सांगितलं नाही. तिला सगळं सांगणारा मी माणूस. ते एक सांगितलं नाही, यावरूनच काय ते मला कळायला हवं होतं.

एप्रिलच्या लिलावाला दोघी वेळेआधी आल्या. हॉल भरत होता. दगडाबाईंनी पिशवीतून आधी डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला, मग लुगड्याच्या घडीतून एक वेगळी वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"बगा. कसं जपलंय."

पंचाला लॅमिनेशन केलेलं होतं. जाड, चकचकीत, गोल कोपऱ्यांचं. आधार कार्डाला करतात तसं.

"झेराक्सवाल्याकडून केलं," त्या कौतुकानं सांगत होत्या. "तीस रुपये घेतले मेल्यानं. आमच्या घरात रेशनकार्ड, आधार, हिच्या बापाची दहावीची मार्कलिस्ट, समदं असंच केलंय. आता पान्यात बुडवलं तरी काय व्हनार नाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅमिनेशन करताना प्लास्टिक तापवतात आणि त्याचा गोंद कागदाच्या अंगात मुरतो. ते पुन्हा निघत नाही. काढायला जावं तर चित्रच सोलून येतं. गोळा करणाऱ्याच्या लेखी ते कार्ड मेलं. मी ते हातात घेतलं. आतून पंच माझ्याकडं बोट वर करून बघत होता.

"बाकीच्यांना नाही केलं?" मी कसंबसं विचारलं.

"नाय. ह्या एकालाच."

"यालाच का?"

"आसंच," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

गठ्ठ्यात टाकायला आता कारणच उरलं नव्हतं. अर्धवट लाजेनं मी तो यादीच्या शेवटी स्वतंत्र लॉट म्हणून घेतला. वेळ आली तेव्हा वर धरला. "फटका, चाळीस नंबर, पंच. बिनभोकाचा. लॅमिनेशन केलेलं." हॉलमधून एक मोठा उसासा निघाला, मयताच्या घरी निघतो तसा.

पडेगावचे सांडू पाटील पहिल्या रांगेत बसतात. त्यांच्या पोटात काही राहत नाही. ते उठून उभेच राहिले. "अरे यार, ये किसने किया? आजी, हे प्लास्टिक नसतं ना, तर ह्या कार्डाचे आज सत्तर हजार आले असते. सत्तर हजार! आता हजारसुद्धा कुणी देणार नाही."

दगडाबाईंना आधी कळलं नाही. त्यांनी आकडा पुन्हा विचारला. सांडूंनी पुन्हा सांगितला. मग त्या नातीकडं वळल्या आणि तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "माजंच चुकलं गं बाई. म्या अडानी. तुजा कॅम्प म्या प्लास्टिकात घालून टाकला."

"जाऊ दे आजी," मोनिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती छताच्या पंख्याकडं बघत होती.

"पण आजी, करायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवायचं तरी," सांडू हळहळले. "आमच्या श्रीनिवासरावांना एक फोन केला असता तर त्यांनी लगेच सांगितलं असतं."

मोनिकानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. दगडाबाईंनी तिचा दंड दाबला. मग त्याही माझ्याकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाय दावलं कुनाला."

तीच वेळ होती. हातोडी माझ्या हातात होती, साठ माणसं समोर होती, आणि 'मला दाखवलं होतं' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. मी पाण्याचा घोट घेतला. मग विचारलं, "आजी, बोली घेऊ का?" यापेक्षा नीच वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"ऱ्हाऊ द्या. इकायचं नाय," त्या म्हणाल्या. हातोडी पडायच्या आत विकणाऱ्याला माल परत घेता येतो. त्यांनी पंच घेतला, डबा घेतला, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

राहिला होता फक्त गठ्ठा. तो मी तीनदा पुकारला. रितीप्रमाणं कुणी हात वर केला नाही. रितीप्रमाणं तो माझा झाला. मी त्याला हातही न लावता जिना उतरलो, स्कूटर काढली आणि मध्यवर्ती बसस्थानक गाठलं.

पाचोडवरून जाणाऱ्या बीडच्या गाडीच्या फलाटावर दोघी बाकड्यावर बसल्या होत्या. मला पाहून मोनिकानं तोंड फिरवलं. दगडाबाईंनी मांडीवरचा डबा बाजूला घेऊन मला बसायला जागा केली. मी बसलो नाही.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी. त्याची किंमत मला माहीत होती. मला तो पाचशेत घ्यायचा होता. तुम्ही तो इथं ठेवला असता तर चार लोकांनी पाहिला असता, म्हणून मी तुम्हाला घरी न्यायला सांगितलं. चूक तुमची नाही, आजी. माझी आहे."

"ठावं हाय मला," दगडाबाई म्हणाल्या.

मी हातातली स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"तीस वर्सं पोरांना गोळ्या इकल्या, सायेब. कोनतं पोर कोनत्या बरनीपाशी थांबतंय, हे मला लांबून कळतं. तुमचा हात थांबला तवाच म्या म्हनलं, ह्यात कायतरी हाय."

"मग विचारलं का नाही?"

"म्हनलं, तुमी सांगाल. येवढी मानसं मानत्यात तुमाला. त्या दिशी नाय सांगितलं, तर फुडच्या म्हैन्यात सांगाल." त्यांनी पदरानं डब्याचं झाकण पुसलं. "तुमी सांगस्तोवर टिकावं, म्हनून तर प्लास्टिक केलं."

गाडी लागली. लोक दाराकडं धावले.  "मग हॉलमध्ये का नाही बोललात?" मी विचारलं.

"चार लोकांत तुमची लाज काढून माज्या पोरीला काय मिळनार व्हतं? ती तुमची तुमीच काढायची."

"मी पैसे देईन. पूर्ण बहात्तर."

"द्या," त्या उठत म्हणाल्या. "नको म्हननार नाय. पोरीचे हायत. एक जूनच्या आत आना. पन दिले म्हंजी फिटलं, असं धरू नका."

घरी आलो आणि नीरजाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं जुडी संपवली, देठं गोळा केली, मग म्हणाली, "त्या बाईंनी तुम्हाला महिनाभर वेळ दिला होता." म्हणजे जे मला बसस्थानकापासून टोचत होतं, त्यावर तिनं बरोबर बोट ठेवलं. मला तिचा राग आला. राग यायला मी काही जागाच ठेवली नव्हती, तरी आला.

मे महिन्याच्या लिलावात मी हातोडी सांडू पाटलांच्या हातात दिली आणि टेबलासमोर, विकणाऱ्यांच्या जागी उभा राहिलो. जे घडलं ते सांगितलं. पाचशे रुपयांचा हिशोब, पावतीची पळवाट, 'नाय दावलं कुनाला', सगळं. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सांडूंनी घसा साफ केला आणि पुढचा लॉट पुकारला: फटका, एक ते एकोणचाळीस, बिनभोकाची, विकणारा श्रीनिवास. एकोणपन्नास हजारांना ती जालन्याच्या एका दंतवैद्यानं घेतली. उरलेले तेवीस मी बँकेतून काढले होते. लिलाव संपल्यावर गठ्ठ्याची रीत बंद करायचा ठराव झाला, एकमतानं. त्यात माझंही मत होतं.

दगडाबाई आल्या नाहीत. मोनिका आली. तिनं पैशांचं पाकीट बॅगेत टाकलं आणि दुसऱ्या कप्प्यातून एक लिफाफा काढून मला दिला.

"आजीनं दिलंय," ती म्हणाली. "म्हणाली, पैसे दिले म्हणजे वस्तू त्यांची. सांग त्यांना, आता पाणी लागायचं नाही."

मी तिला कॅम्पसाठी शुभेच्छा दिल्या. तिनं मान हलवली आणि बस चुकेल म्हणून निघाली. ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली.

घरी येऊन मी रिकामा अल्बम काढला. म्हटलं, एकोणचाळीस गेली तरी हा एक तरी आपल्या जागेवर बसवावा. चाळिसाव्या कप्प्यात पंच सरकवायला गेलो तर तो जाईना. प्लास्टिकची कड चारी बाजूंनी बोटभर जास्त होती. कापावी म्हणून कात्री घेतली आणि परत ठेवली.

आता तो माझ्या कामाच्या टेबलावर असतो, पेनांच्या डब्याला टेकून. जळालेल्या दुकानांचे अहवाल मी त्याच्यासमोर बसून लिहितो. कधीकधी मी त्याला भिंतीकडं तोंड करून ठेवतो. नीरजा टेबल पुसताना त्याला उचलते, ओल्या फडक्यानं पुसते आणि परत माझ्याकडं तोंड करून ठेवते.